माडीवरचा बिनहाताचा ड्रम

"गुन्हेगार झोपतो तेव्हा महिपत रणपिसे जागा असतो, आणि गुन्हेगार जागा होतो तेव्हा महिपत रणपिसे त्याच्या उशाशी बसलेला असतो!"

हे वाक्य खुद्द महिपत रणपिशांचं. ते पाटीवर रंगवून घ्यायचा त्यांचा बेत होता, पण पाटी लहान निघाली. म्हणून 'महिपत रणपिसे, खाजगी गुप्तहेर. आम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी आत येऊन सांगावे' एवढ्यावरच भागवावं लागलं. वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा होता. पित्तामुळे त्यांना झोप येत नसे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल उत्तमचं मत जरा निराळं होतं, पण ते त्याला कोणी विचारलं नव्हतं.

उत्तम हा रणपिशांचा सहायक, आणि त्याआधी सख्खा मेहुणा. सकाळपाळीला तो पोस्टात पाकिटांवर शिक्के मारी आणि दुपारनंतर दाजींच्या मागं फिरे. ही नेमणूक त्याच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे गंगूबाईनं केली होती. "शोध लागो न लागो, संध्याकाळी माणूस घरी आणून सोड," एवढीच तिची अट. त्याप्रमाणे उत्तमनं दाजींना एकदा परक्याच्या गच्चीवरून, एकदा पोलीस चौकीतून आणि एकदा लग्नाच्या पंगतीतून सुखरूप घरी आणून सोडलं होतं. पंगतीत ते जिलबीच्या दुसऱ्या फेरीपर्यंत टिकले होते, कारण दोन्हीकडच्या मंडळींना ते समोरच्या पक्षाचे वाटत होते.

रणपिशांचं कार्यालय ठाण्यात नौपाड्याला, दातांच्या एका दवाखान्याच्या पोटमाळ्यावर होतं. जिना दोघांना मिळून एकच. त्यामुळे वर येणाऱ्यांतले निम्मे गालाला हात लावून येत आणि रणपिसे त्यांनाही सोडत नसत. चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलातल्या एका दुपारी एक मुलगी जिना चढून वर आली. पंचविशीतली, खांद्याला ऑफिसची पर्स, चेहऱ्यावर झोप न झाल्याची खूण. रणपिशांनी डोळे मिटले. बारकाईनं निरीक्षण करायचं असलं की ते डोळे मिटत.

"बोलू नका. तुमचा तळहात मी पाहिलाय. बोटांच्या मुळाशी घट्टे आहेत. म्हणजे तुम्ही रोज विहिरीचं पाणी ओढता. विहीर खोल आहे आणि तिला रहाट नाही."

"आमच्याकडे नळ आहे," मुलगी म्हणाली. "मी ड्रम वाजवते."

रणपिशांनी एक डोळा उघडला. "पण घट्टे आहेत ना? मग झालं! पुढं बोला."

मुलगी शीला कोळी. समोरच्याच इमारतीत एका ऑफिसात टायपिंग करायची. राहायला स्टेशनापलीकडं, खाडीलगतच्या कोळीवाड्यात. लहानपणापासून तिला ड्रमचं वेड. हळदीला बँड आला की बाकीच्या पोरी नाचायच्या आणि ही ड्रमवाल्याच्या अगदी शेजारी जाऊन त्याचे हात बघत उभी राहायची. पण वडिलांनी, म्हणजे दामाजींनी, निक्षून सांगितलेलं की घरात ढोलताशे नाहीत, आईचं डोकं दुखतं. तेव्हा शीलानं पगारातून साठवून साठवून डोंबिवलीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्याचा जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतला.

"म्हणजे विजेचा ढोल," रणपिशांनी उत्तमला समजावलं.

"ढोल नाही हो. काळ्या रबराच्या थाळ्या असतात, स्टँडवर लावलेल्या. त्यांना पॅड म्हणतात. पायानं वाजवायचा एक पॅड खाली असतो. सगळ्यांच्या वायरी एका डब्यात जातात आणि डबा आवाज काढतो. कानाला हेडफोन लावला की सगळा दणका आपल्याच डोक्यात. शेजारच्या खोलीत आई झोपली तरी तिला पत्ता लागत नाही."

"मग तक्रार काय?"

शीलाचा आवाज एकदम खाली आला. "तो आपोआप वाजतो."

खाली दवाखान्यात कोणाची तरी दाढ निघाली, तेवढं ऐकू आलं.

"रोज दुपारी," शीला सांगू लागली. "मी ऑफिसला जाताना हेडफोन काढून कपाटात ठेवते. हेडफोन काढला की आवाज स्पीकरच्या खोक्यातून येतो. डबा बंद करता येत नाही, कारण त्याची आतली बॅटरी गेलीय. बंद केला की मी बसवलेलं सगळं विसरतो. म्हणून चालूच असतो. आणि मग दुपारी माडीवर चिटपाखरू नसताना, धूम! धूम! धूम! मी रविवारी स्वतः समोर उभी होते, हात मागं बांधून. तरी वाजला. आईनं घर डोक्यावर घेतलंय. म्हणते, आधीचा मालक मेला असणार, त्याचाच जीव आहे यात. येत्या शनिवारी संध्याकाळच्या भरतीला बाबा तो होडीत घालून खाडीत सोडणार आहेत."

"खाडीत?" उत्तमच्या तोंडून निघून गेलं.

"आणि रविवारी माझ्या मैत्रिणीची हळद आहे. तिनं मलाच सांगितलंय वाजवायला. पहिल्यांदाच सगळ्यांसमोर वाजवणार होते." शीलानं पर्सचा बंद उगाच घट्ट केला. "मी आयुष्यात स्वतःसाठी तेवढी एकच वस्तू घेतली हो."

उत्तमला फार वाईट वाटलं. गुप्तहेराच्या सहायकानं पक्षकारासाठी हळहळायचं नसतं, असं दाजींनी त्याला बजावलेलं होतं. पण हळहळ काही शिक्का मारून परत पाठवता येत नाही. त्यानं मनाशी म्हटलं की ही केस तरी सुटायला हवी, मग दाजींच्या हातून का होईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं कोळीवाड्यात पोचले. घर जुनं, लांबलचक, वर लाकडी माडी आणि कौलं. मधोमध भिंत घालून त्याची दोन घरं केलेली. अलीकडच्या दारात शीलाची आई भागीरथी उभी होती. आत पाऊल टाकताच रणपिशांना जी शिंक आली, ती त्यांना तीन पायऱ्या मागं घेऊन गेली. पाठोपाठ उत्तमलाही सटासट शिंका सुरू झाल्या. डोळ्यांना पाणी, घशाला ठसका.

"पहिला धागा!" रणपिसे नाक पुसत कुजबुजले. "गुन्हेगाराला तपकिरीचं व्यसन आहे. जाताना डबी सांडून गेलाय."

"दाजी, या बाईंना शिंका येत नाहीयेत."

"म्हणजे त्या त्याला सामील आहेत. पण आता बोलू नकोस."

भागीरथीनं त्यांना माडीवर नेलं. खिडकीशी तो ड्रम उभा होता. काळ्या थाळ्या, वायरींचं जाळं, आणि डब्यावर एक लाल दिवा. पायाचा पॅड सारखा घसरतो म्हणून दामाजींनी तो फळीला स्क्रूनं पक्का पिळून टाकला होता. शीलानं सगळं कसं नाजूक करून ठेवलंय तेही आईनंच सांगितलं. काठीचा खडखडाट खाली जाऊ नये म्हणून पोरगी हलकंच वाजवायची, आणि हलक्या हातालाही दणदणीत वाजावं म्हणून तिनं डब्याचं कसलंसं बटण पार शेवटपर्यंत फिरवलेलं. "नखानं टिचकी मारली तरी धूम करतंय," भागीरथी म्हणाली. रणपिशांनी टिचकी मारून पाहिली. धूम झालं. ते उत्तमच्या मागं गेले.

एवढ्यात कोणी हात न लावता पुन्हा धूम झालं. मग पुन्हा. मग एका ठेक्यात सुरूच झालं. धूम, धूम-धूम. धूम, धूम-धूम. मधेच एखादी वरची थाळी छन्न करून जाई. उत्तमच्या अंगावर काटा आला. खरं सांगायचं तर ठेका मोठा झकास होता, पण ते म्हणायची ही वेळ नव्हती.

"बघा!" भागीरथीनं देवाला हात जोडले. "दुपारची भांडी घासून मी जरा आडवी होतंय नाय होतंय, तवर याचं सुरू. मेलेल्या मानसाचा जीव हाय तो. शनवारी भरती आली का खाडीत. माझी पोर रडते मना समजतंय. पन घरात भूत ठेवू काय?"

"बाई," रणपिशांनी भुवया उंचावल्या, "हे वाजतं त्या वेळी दुसरा काही आवाज येतो का? नीट आठवून सांगा."

"नाय."

"काहीच नाही?"

"काय नाय."

"पलीकडच्या घरातून?"

भागीरथीचा चेहरा दगडासारखा झाला. "पलीकडं कोनी राहत नाय."

रणपिसे शिंकत जिना उतरले. उतरताना ओसरीच्या दारामागं त्यांना एक लाकडी मुसळ उभं दिसलं. पुरुषभर उंच, टोकाला लोखंडी कडं. त्यावर कोळिष्टकं होती. रणपिशांनी ते रुमालानं धरून पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"उत्तम, खुनाचं हत्यार!"

"ते मुसळ आहे, दाजी."

"मुसळ आहे, मग उखळ कुठं आहे? घरभर शोध. नुसतं मुसळ कोण ठेवतं? खुनीच ठेवतो."

उत्तमनं खरंच शोधलं. घरात उखळ नव्हतं. भागीरथीला विचारावं तर तिनं नुसतं "वाटणीत गेलं" म्हटलं आणि चहा ठेवायला आत निघून गेली. चहाबरोबर खारवलेली सुरमई तळून आणली, तेव्हा रणपिशांनी तपास काही वेळ स्थगित ठेवला.

बाहेर पडल्यावर पलीकडच्या घराच्या पायरीवर एक म्हातारा जाळं विणत बसलेला दिसला. रणपिसे त्याच्यापुढं उभे राहिले.

"आजोबा, या घरात कोण राहतं?" त्यांनी बोट दाखवलं ते चुकून भागीरथीच्या दाराकडं.

म्हाताऱ्यानं मान वर न करता सांगितलं, "त्या घरात? कोनी नाय राहत."

रणपिसे दचकले. मग त्यांनी म्हाताऱ्याच्याच पाठीमागचं दार दाखवलं. "आणि इथं तरी?"

"इथं मी राहतंय. दिसत नाय?"

ते गोमाजी होते, दामाजींचे सख्खे धाकटे भाऊ. पण हे कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं रणपिशांना सुचलं नाही. रिक्षा मिळेपर्यंत ते विचारात बुडाले होते.

"बाई म्हणते पलीकडं कोणी राहत नाही. पण तिथं तर म्हातारा आहे. म्हणजे बाई खोटं बोलते. म्हातारा म्हणतो, बाईच्या घरात कोणी राहत नाही. म्हातारा खोटं कशाला बोलेल? म्हातारं माणूस! तेव्हा त्या घरात कोणी राहत नाही. मग उत्तम, आपण सुरमई कोणाच्या हातची खाल्ली?"

उत्तमनं रिक्षावाल्याला नौपाडा सांगितलं.

"आणि आपल्याकडं केस घेऊन आली ती मुलगी कोण? तिचे पाय पाहिलेस?"

"सरळ होते, दाजी. सँडल होते."

"सँडल उलटे घालता येतात," रणपिसे गंभीरपणे म्हणाले.

पक्षकारच भूत आहे, हा सिद्धांत त्यांनी संध्याकाळपर्यंत जोपासला. दुसऱ्या दिवशी शीला त्यांच्यासाठी घरून सुक्या कोळंबीचे सोडे घेऊन आली, तेव्हा तो सोडावा लागला. भुतं जेवण आणून देत नाहीत, हे त्यांनी मान्य केलं. मग त्यांनी जुन्या मालकाकडं मोर्चा वळवला. तो जर मेला असेल तर प्रकरण सरळ आहे, असं त्यांचं म्हणणं.

जुना मालक मोरू भोईर, डोंबिवलीचा. डोंबिवलीला कसं जायचं, हे ठाण्याच्या माणसाला विचारायची गरज नसते, तो लोकल पकडतो. पण रणपिसे म्हणाले, पाठलाग चुकवायला हवा, तेव्हा रस्त्यानं शीळफाट्यावरून जायचं. शीळफाट्याला ट्रकांच्या गर्दीत रिक्षा अशी अडकली की पाठलाग करणारा कोणी असता तर तो कंटाळून घरी जाऊन जेवून पुन्हा आला असता. दोघं डोंबिवलीला पोचले तेव्हा त्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या.

मोरू भोईर आता ऑर्केस्ट्रा सोडून मंडप डेकोरेशन करत होता. गोदामाच्या दारात तो खुर्च्या एकात एक रचत उभा होता. चांगला धष्टपुष्ट, कानाला भीकबाळी. रणपिसे त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपी काढली.

"मोरू भोईर आपणच?"

"हां. बोला, लगीन का बारसं?"

"आपला मृत्यू केव्हा झाला?"

मोरूच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. "काय बोल्ला?"

"घाबरू नका. घडलं ते घडलं. फक्त तारीख सांगा."

"ओ भाऊ," मोरू खुर्ची खाली ठेवत उत्तमला म्हणाला, "तुमचे हे घरी सांगून आलेत ना?"

"मीच आणलंय त्यांना," उत्तम ओशाळून म्हणाला. "तुम्ही कोळीवाड्यातल्या शीलाला ड्रम विकला होतात ना? तो आपोआप वाजतो."

मोरू हसला. "आवो, मग ते भूत नाय. तो खालचा पॅड लय नाजूक हाय. आमच्या घरी पन एकदा असंच झालेलं, बाजूला..."

"थांबा!" रणपिशांनी हात वर केला. "पुढं एक अक्षर बोलू नका. साक्षीदारानं आपणहून माहिती दिली की ती दूषित होते. मी प्रश्न विचारीन, तुम्ही उत्तर द्या. तुम्ही तपकीर ओढता?"

"नाय."

"तर मग तुमचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. चल उत्तम."

"पन ऐका तरी, बाजूला..."

रणपिसे केव्हाच रिक्षात जाऊन बसले होते. उत्तमनं मागं वळून पाहिलं. मोरू भोईर हातानं काहीतरी खालीवर करून दाखवत होता. त्याला निरोपाचा हात म्हणावा तर तो फार जोरात होता. पण गंगूबाईची अट डोळ्यांपुढं होती आणि दाजी रिक्षावाल्याला पुन्हा शीळफाट्याचाच रस्ता सांगत होते, त्यामुळे उत्तमला थांबता आलं नाही.

शनिवार उजाडला. शीलाची अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. दुपारी ती घरी आली तेव्हा दामाजींनी होडी पायऱ्यांशी आणून बांधली होती. दामाजी म्हणजे तोंडानं गडगडाट आणि आतून नारळपाणी. सकाळपासून ते दोरखंड शोधत होते आणि सापडला की पुन्हा कुठंतरी ठेवून देत होते.

"पोरी, तुझी आय ऐकत नाय," ते हळूच म्हणाले. "त्या डिटेक्टिवाला बोल, काय करायचं तं लवकर कर. चारनंतर पानी चढल."

रणपिशांनी सापळा रचला होता. माडीवर सुकत घातलेलं जुनं जाळं पांघरून, दोन टोपल्यांच्या मधे ते लपून बसणार होते. भूत असो, माणूस असो, वाजवायला हात पुढं आला की मनगट पकडायचं. जाळ्याला सुक्या मासळीचा वास होता आणि रणपिसे देशावरचे. तरी कर्तव्य म्हणून ते रांगत रांगत आत शिरले. शिरताना त्यांचा पाय कशाततरी अडकला, त्यांनी तो झटकून सोडवला आणि मग जाळं हलायचं थांबलं. उत्तम, शीला, दामाजी आणि भागीरथी जिन्याच्या तोंडाशी दबून बसले.

दुपारची ती वेळ झाली. सगळ्यांचे कान ड्रमकडं लागले.

ड्रम गप्प.

खालून, भिंतीपलीकडून, धप्प धप्प असा आवाज येत होता, पण तो एप्रिलात कोळीवाड्यात कुठल्या घरातून येत नाही? तो कोणी आवाजात धरत नाही. उत्तमच्या नाकात शिंक दाटून आली, ती त्यानं दाबली. पलीकडचा धप्प थांबला. जरा वेळानं पुन्हा सुरू झाला, जरा जोरात. पुन्हा थांबला. ड्रम हूं की चूं करीना.

जाळं उभं राहिलं. त्यातून रणपिशांचं डोकं बाहेर आलं. "मंडळी, केस संपली! भुतानं मला पाहिलं आणि ते पळालं. यापुढं ते या घरात यायचं नाही. महिपत रणपिसे जिथं एकदा बसला, तिथं..."

"डब्याचा दिवा!" शीला किंचाळली.

लाल दिवा विझला होता. उत्तमनं भिंतीकडं पाहिलं. बोर्डातून प्लग निघून लोंबत होता आणि त्याची वायर दाजींच्या डाव्या पायाला गुंडाळलेली होती. शीला धावत जाऊन पॅडवर मारू लागली. रबराचा नुसता टप टप आवाज आला.

"सगळं गेलं," ती मटकन खाली बसली. "रविवारसाठी बसवलेलं सगळं गेलं. आता खाडीत टाकला काय नि ठेवला काय." आणि तिला रडू फुटलं. दामाजींनी हातातला दोरखंड पाठीमागं लपवला. भागीरथीचा हात लेकीच्या डोक्याकडं निघाला आणि अर्ध्यावर थांबला. रणपिसे पायाची वायर सोडवू लागले.

तेवढ्यात खाली दारात बांगड्या वाजल्या.

"भागीबाय! अगो भागीबाय, हायस का घरात?"

भागीरथी दगडासारखी उभी राहिली. दामाजींनी तोंड उघडलं ते मिटायचं विसरले. जिन्यानं एक बाई वर येत होती. नाकात मोरणी, कपाळाला घाम, हात कोपरापर्यंत लालभडक. तिच्याबरोबर मिरचीचा असा भपकारा आला की रणपिसे जाळ्यासकट शिंकले.

"बरी हायस ना तू?" ती बाई धापा टाकत भागीरथीला विचारत होती. "आज का नाय वाजवलंस? मी दोनदा थांबले, पुन्ना सुरू केलं, वाट बघितली. तुला काय झालं का काय म्हनून जीव राहिना, तशीच उठून आयले."

"मी... काय वाजवलं?" भागीरथीच्या तोंडून शब्द फुटला.

"अगो, रोज वाजवतेस ना दुपारचा! मी मसाला कांडायला बसले का वरून तुझा ढोल सुरू. मी मारलं का तू मारतेस, मी थांबले का तू थांबतेस. पोरगी तं कामावर जाते, दामाजीभाऊ होडीवर. मग घरात तूच राहिलीस. मी आमच्यांना बोल्ले, बघा, जाऊबायनं अबोला तोंडानं नाय तं हातानं सोडला." तिनं लाल हातांनी डोळे पुसले आणि मिरचीनं ते अजूनच वाहू लागले. "तुझा ठेका ऐकायला म्हनून मी मसाला कांडतच राहिले गो. दोन वर्सांचा झाला. बरन्या पुरत नाय आता."

ही मनुबाई. गोमाजींची बायको, भागीरथीची धाकटी जाऊ, भिंतीपलीकडं राहणारी. सासू गेल्यावर भावांची वाटणी झाली, तेव्हा सासूचं दगडी उखळ धाकट्याकडं गेलं आणि मुसळ थोरल्याकडं राहिलं. दोघींनीही आपला अर्धा भाग सोडला नाही. तेव्हापासून या घराचा मसाला गिरणीवर आणि त्या घराचा उसन्या मुसळानं. आणि दोन्ही घरांत एकमेकांचं नाव नाही, आवाज नाही, अस्तित्वच नाही.

शीला केव्हाच रडायची थांबली होती. "काकी," तिनं विचारलं, "उखळ कुठं ठेवलंय तुम्ही?"

"मधल्या खांबाशी. आजीच्या वेळेला होतं तिथंच. मागल्या अंगनात या वर्षी तुझ्या काकानं जाळी टाकलीत ना."

शीलानं जिन्यातून खाली वाकून माडीच्या तळाकडं पाहिलं. मधल्या खांबावरून निघालेली जुनी तुळई भिंतीच्या डोक्यावरून थेट इकडं माडीखाली आली होती. भिंत घालणाऱ्यांनी खालची जमीन वाटली, ओसरी वाटली, उखळमुसळ वाटलं, पण तुळई काही कापता आली नव्हती. आणि त्याच तुळईवरच्या फळीला दामाजींनी पायाचा पॅड पिळून बसवला होता. शीलानं प्लग लावला, लाल दिवा लागला, आणि तिनं ते बटण पुन्हा शेवटपर्यंत फिरवलं. "काकी, जरा खाली जाऊन एक घाव मारा ना."

मनुबाई निघाली. पण भागीरथी तिच्या आधी जिना उतरली. दारामागचं मुसळ तिनं उचललं. पदरानं कोळिष्टकं पुसली. आणि कोणाशी एक शब्द न बोलता ती दारातून बाहेर पडून पलीकडच्या दारात शिरली. पायरीवर गोमाजी जाळं विणत होते, ते सुई हातात धरून तसेच बाजूला सरकले.

माडीवर सगळे ड्रमभोवती उभे होते. खालून धप्प झालं.

वर ड्रम म्हणाला, धूम!

"मी तेच म्हणत होतो," रणपिसे म्हणाले. "शिंका! पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं की या प्रकरणाचं मूळ नाकात आहे. फक्त तपकीर की मिरची, एवढाच तपशील राहिला होता." उत्तमला मोरू भोईरचा खालीवर होणारा हात आठवला. तो निरोप नव्हता, ते कांडण होतं. हे त्यानं दाजींना सांगितलं नाही. संध्याकाळी माणूस घरी सोडायचा होता आणि तो शक्यतो आनंदात सोडावा, असं त्याला वाटलं.

खाली आता दोन मुसळं आळीपाळीनं पडू लागली होती. दोन जावा काही बोलत होत्या का ते ऐकू येत नव्हतं, पण मधेच एकीचा हुंदका आणि दुसरीचं हसू आल्यासारखं वाटलं. शीलानं काठ्या हातात घेतल्या. पायाच्या पॅडवरचा आवाज खालच्या मुसळांवर सोडून दिला आणि वरच्या थाळ्यांवर आपला हात सोडला. विसरलेलं सगळं तिला हातानं आठवत होतं. दामाजी जिन्यात बसून मांडीवर ताल धरू लागले. मग एकदम उठून बाहेर गेले. उत्तमनं खिडकीतून पाहिलं. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागलं होतं आणि दामाजी रिकामी होडी सोडवता सोडवता, भावाकडं न बघता, मोठ्यानं खाडीला सांगत होते की एकट्या माणसाला ही होडी वर ओढता येत नाही. गोमाजींनी सुई जाळ्यात खोचली, लुंगी आवळली आणि ते दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

रविवारची हळद जोरात झाली. रणपिसे आणि उत्तम, दोघांनाही आवताण होतं. शीलानं त्या रात्री जो ठेका वाजवला, तो ऐकून वाड्यातल्या बायांच्या हातांना नकळत मुसळ असल्यासारखं वाटत होतं. सगळ्यांत पुढं बसून भागीरथी आणि मनुबाई टाळ्या पिटत होत्या. डोकं दुखत असल्याची तक्रार कोणी केली नाही.

निघताना रणपिसे भागीरथीपाशी थांबले. हातात त्यांची फी होती, मसाल्याची गच्च भरलेली बरणी, आणि तिच्यामुळे बोलताना ते दर शब्दाला शिंकत होते. "बाई, केस बंद करण्यापूर्वी एक शंका. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, पलीकडं कोणी राहत नाही. ते तेवढं मला दुरुस्त करायला हवं. पलीकडं कोण राहतं?"

भागीरथीनं शेजारी बसलेल्या मनुबाईकडं पाहिलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझी जाऊ राहते," ती म्हणाली. "मघापासून हितंच तं बसलीय. डोळे उघडे ठेवून बघत जा जरा."